मुलांची खोली, रात्रीची वीज आणि घरातला अंमल

रात्री ठराविक वेळेनंतर मुलांच्या खोलीचा वीजप्रवाह बंद ठेवावा काय, हा प्रश्न आमच्या आईबापांच्या पिढीला कोणी विचारला असता तर त्याचा अर्थच त्यांना उमगला नसता. कारण मुलांची वेगळी खोली बहुतेक घरांत नव्हती, वीज होती तेथेही ती राखूनच वापरली जाई, आणि मोठ्यांनी दिवा मालवला की सगळे घर निजत असे. आज मात्र शहरांतील सुस्थित घरांत हा प्रश्न पूर्ण गांभीर्याने विचारला जातो. समजावून झाले, रागावून झाले, फोन काढून घेणे आणि दुसऱ्या दिवशी अभ्यासाच्या सबबीवर तो परत देणे झाले, आणि तरीही मध्यरात्र उलटल्यावर दाराच्या फटीतून निळसर उजेड दिसतोच, अशा अवस्थेला पोहोचलेले पालक अखेर वायरमनला बोलावून मुलांच्या खोलीची लाइन स्वतंत्र करून घेण्याची, किंवा घड्याळाच्या हुकमाने चालणारा स्विच बसवून घेण्याची तजवीज करू लागतात. या विचारामागे क्रौर्य नसते. थकवा असतो, आणि सकाळी शाळेला निघालेल्या मुलाचा ओढलेला चेहरा पाहून उत्पन्न झालेली खरी काळजी असते. प्रश्न वरकरणी तारांचा दिसतो. परंतु त्यात शरीरशास्त्र येते, विद्युत्जोडणीचे व्यवहार येतात, देशोदेशींचे कायदे येतात, आणि घरात कोणाचा अखत्यार कोणावर व कितपत चालावा हा सर्वांत अवघड विषयही येतो.

प्रथम ही काळजी साधार आहे की नाही ते पाहू. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ मध्ये जे प्रमाण घालून दिले, त्यानुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप आवश्यक असते. सकाळी सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या नववीतल्या मुलीला यातले किमान प्रमाण गाठायचे, तर तिने रात्री साडेनऊला निजले पाहिजे. आणि आपल्या शहरांत साडेनऊला तर कित्येक घरांत पाने मांडली जात असतात. त्यातच निसर्गाने एक अडचण घालून ठेवली आहे. मेरी कार्सकाडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षांच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे की यौवनारंभी शरीरातले घड्याळ स्वभावतःच उशिरावर जाते: झोपेची वर्दी देणारा मेलॅटोनिन हा स्राव रात्री उशिरा वाढू लागतो, आणि दिवसभराच्या जागेपणाने साठत जाणारी झोपेची ओढही लहान मुलाच्या मानाने सावकाश चढते. म्हणून साडेदहाला टक्क जागा असलेला पंधरा वर्षांचा मुलगा दर वेळी आज्ञाभंगच करीत असतो असे मानणे अन्यायाचे होईल. त्या घटकेला त्याला झोप येतच नसते, आणि हाताशी जे असेल त्यात तो वेळ काढतो. हाताशी फोन असला की मग तो वेळ अर्ध्या तासाचा न राहता दोन तासांचा होतो, हा खरा तंटा आहे.

पडद्याच्या उजेडाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातला काही भाग अतिशयोक्त आहे. १९९८ मध्ये मेलॅनॉप्सिन या द्रव्याचा शोध लागला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हे सिद्ध झाले की डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, ज्यांचे मुख्य काम वस्तू दाखविण्याचे नसून दिवस-रात्रीचा हिशेब मेंदूला कळविण्याचे आहे. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. यावरून निळा उजेड हाच एकमेव शत्रू अशी समजूत रूढ झाली, आणि पिवळट काचांचे चष्मे विकले जाऊ लागले. परंतु बोस्टन येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, १२ तरुणांना निजण्यापूर्वी सुमारे चार तास काही रात्री प्रकाशमान पडद्यावरचे आणि काही रात्री छापील पुस्तक वाचावयास दिले असता, पडद्याच्या रात्री मेलॅटोनिन दबला हे खरे असले, तरी झोप लागण्यास अधिक लागलेला वेळ सरासरीने दहा मिनिटांच्या आसपासच होता. दहा मिनिटांनी दोन तासांचे जागरण उलगडत नाही. ते उलगडते पडद्यावर जे चालले असते त्यावरून: एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, खेळात गडी अर्ध्यावर सोडून जाणे हा सवंगड्यांचा विश्वासघात ठरतो, आणि गटात आलेल्या निरोपाला उत्तर न देणे हे त्या वयात उपेक्षेसारखे वाटते.

या बाबतीत दोन अभ्यास विशेष लक्षणीय आहेत. एक २०१६ चा आहे. त्यात वीस पाहण्यांतील मिळून सव्वा लाखाहून अधिक मुलांची माहिती एकत्र करण्यात आली, आणि निजण्याच्या वेळी उपकरण वापरणाऱ्या मुलांत अपुऱ्या झोपेची शक्यता दुपटीहून थोडी अधिक आढळली. त्याहून विचारप्रवर्तक गोष्ट अशी की उपकरण वापरले नाही, परंतु ते खोलीत हाताच्या अंतरावर होते, अशा मुलांचीही झोप उणी होती. दुसरा अभ्यास न्यूझीलंडमधील डनिडिनचा, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात ११ ते १४ वर्षांच्या ७९ मुलामुलींच्या संमतीने कॅमेरे लावून त्यांच्या रात्री प्रत्यक्ष पाहण्यात आल्या. आणि असे दिसले की अंथरुणात शिरण्यापूर्वीच्या दोन तासांतील पडदा फारसा अपाय करीत नाही, अपाय करतो तो अंथरुणातला पडदा, आणि त्यातही खेळांचा. डनिडिनचे निष्कर्ष छोट्या समूहावरून काढलेले आहेत; तथापि त्यांची दिशा स्पष्ट आहे. बंदोबस्त करावयाचा तो संध्याकाळचा नव्हे, बिछान्याचा.

आता विजेकडे वळू. मुलांच्या खोलीचा प्रवाह तोडला असता नेमके काय तुटते? दूरचित्रवाणी संच बंद पडतो, टेबलावरचा संगणक बंद पडतो, खेळाचा कन्सोल बंद पडतो. राउटर त्याच लाइनवर असेल तर वायफाय जाते. फोन मात्र चालूच राहतो. आजच्या सामान्य फोनची बॅटरी ५००० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते, आणि संध्याकाळी ती भरलेली असली तर रात्रभर चित्रे पाहूनही सकाळी तीत काही शिल्लक उरते. इंटरनेटसाठी भिंतीतल्या तारेची गरज उरलेली नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील डेटा इतका स्वस्त झाला की घरचे वायफाय बंद झाल्याचे कित्येक मुलांच्या लक्षातही येत नाही. म्हणजे ज्या वस्तूमुळे हा सारा प्रपंच करावयाचा, तिच्यावाचून बाकी सर्व वस्तूंवर हा हुकूम चालतो.

आणि त्या बाकी सर्व वस्तूंत पंखा असतो, ही गोष्ट थंड देशांतील सल्ले वाचून तोच उपाय येथे करू पाहणाऱ्यांनी विसरू नये. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात, किंवा मुंबईच्या दमट ऑक्टोबरात, पंखा बंद केलेल्या खोलीत मूल झोपेल ही अपेक्षा कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. झोपेसाठी केलेला उपाय झोपच हिरावून घेईल. डास पळविणारे यंत्र त्याच प्लगवर असते, आणि हिवतापाचा डास रात्रीच चावतो. दमेकरी मुलाचे वाफेचे यंत्र, रात्री उठणाऱ्या लहान भावंडासाठी ठेवलेला मंद दिवा, अंधाराची भीती वाटणाऱ्या मुलीचा टेबलदिवा, या साऱ्यांचा विचार त्या एका खटक्याने पुसून टाकला जातो. दिवा आणि वारा या खोलीच्या प्राथमिक गरजा होत. मुलाने आज्ञा पाळली तर त्या मिळतील आणि मोडली तर जप्त होतील, अशी व्यवस्था घरात असणे मला सर्वथैव अनुचित वाटते.

जोडणीच्या बाजूनेही हे काम दिसते तितके सोपे नाही. आपल्याकडील बहुतेक घरांत खोलीतल्या बोर्डावरच दिवा, पंखा आणि ६ अँपिअरचे एक-दोन प्लग एकाच सर्किटवर असतात. प्लग तेवढे वेगळे काढावयाचे तर भिंतीतून नवी तार ओढावी लागते. तो खर्च टाळण्यासाठी पालक वितरणपेटीतला एमसीबी रोज रात्री खाली ओढू लागतात. हे साधन जादा भार आला किंवा तारा एकमेकींना भिडल्या तर प्रवाह तोडून आग टाळण्यासाठी आहे; नित्याच्या बटणासारखे ते वापरत राहिल्यास झिजते, आणि खऱ्या संकटाच्या वेळी ते किती भरवशाचे राहील याची शाश्वती उरत नाही. ३० मिलीअँपिअरची गळती आढळताच प्रवाह तोडणारे जे दुसरे संरक्षक साधन त्याच पेटीत असते, त्याला या कामी कोणीही हात लावू नये. शिवाय महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले. मेनकडून खोलीची लाइन तोडली तरी ती इन्व्हर्टरवर घेतलेली असेल तर पंखा, दिवा आणि राउटर तिघेही क्षणभर डोळे मिचकावून पुन्हा सुरू होतात. संगणकाचा प्रवाह सूचनेवाचून तोडल्यास अर्धवट लिहिलेला प्रकल्प नष्ट होतो तो वेगळाच, आणि त्याबद्दल मूल जो राग धरते तो अस्थानी म्हणता येत नाही.

मुले स्वस्थ बसत नाहीत, हेही ओघाने आले. दिवाणखान्यातून दाराखालून ओढलेला एक्स्टेन्शन बोर्ड, दप्तरात लपविलेली पॉवरबँक, मित्राकडून मागून आणलेले जुने सिमकार्ड, हे उपाय सातवी-आठवीतल्या मुलांनाही सुचतात. यांपैकी पहिले दोन निव्वळ चातुर्याचे नाहीत, धोक्याचेही आहेत. दाराखाली चेपलेल्या तारेचे आवरण फाटते. आणि लिथियमच्या बॅटरीला भरताना जी उष्णता होते ती उशीखाली, गोधडीच्या घडीत कोंडली जाते. भिंतीवर उघडपणे होणारे चार्जिंग बंद करून ते पांघरुणात ढकलणारा उपाय सुरक्षेच्या दृष्टीने प्रतिगामीच होय, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो.

घराबाहेरच्या सत्तांनीही हा प्रयोग करून पाहिला आहे. चीनमधील अनेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत रात्री अकराच्या सुमारास खोल्यांचा प्रवाह तोडण्याचा दस्तूर जुना आहे, आणि बॅटरीवर चालणारे दिवे हा तेथील विद्यार्थ्यांच्या सामानाचा नित्याचा भाग आहे. दक्षिण कोरियाने त्याहून पुढे जाऊन कायदाच केला: २०११ च्या नोव्हेंबरापासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरील ऑनलाइन खेळ बंद करण्यात आले. मुलांनी आईवडिलांचे नोंदणीक्रमांक वापरून खेळ चालू ठेवले, दरम्यान सगळा खेळ मोबाइलवर गेला आणि मोबाइल कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. झोपेत पडलेला फरक इतका अल्प होता की त्याची गणना मिनिटांतच करावी लागली. १ जानेवारी २०२२ पासून हा कायदा रद्द झाला. चीनने २०१९ मध्ये रात्री दहा ते सकाळी आठ अशी बंदी घातली, आणि २०२१ च्या सप्टेंबरापासून तर अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास ठेवला. जपानच्या कागावा प्रांताने १ एप्रिल २०२० पासून अमलात आणलेल्या नियमात खेळासाठी शाळेच्या दिवशी ६० आणि सुटीच्या दिवशी ९० मिनिटे, तसेच माध्यमिक शाळेपर्यंतच्या मुलांना रात्री नऊनंतर व त्यावरील मुलांना दहानंतर स्मार्टफोन नको, असे सुचविले. मात्र दंडाची तरतूद केली नाही, नियम पाळून घेण्याची जबाबदारी घरांवर सोपविली. एका विद्यार्थ्याने त्याला न्यायालयात आव्हान दिले, आणि २०२२ मध्ये ताकामात्सु येथील जिल्हा न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य नाही असा निकाल दिला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खातीच नाकारली आहेत. तो प्रश्न रात्रीपुरता नसल्यामुळे येथे त्याचा केवळ उल्लेख पुरे.

या सर्व फर्मानांच्या मानाने सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या कडेगाव तालुक्यातल्या गावाने जे केले, ते अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. टाळेबंदीच्या काळात शाळा फोनवर आली, शाळा उघडल्यावरही फोन मुलांच्या हातातून सुटेना, आणि गावातल्या पालकांच्या तक्रारी वाढल्या. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टात ग्रामसभेने ठरविले की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल, त्यासरशी घरोघरचे फोन आणि दूरचित्रवाणी संच बंद होतील, आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यास करतील, मोठी माणसे वाचतील किंवा एकमेकांशी बोलतील. शेती आणि साखर कारखान्यावर जगणाऱ्या सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावात प्रथम स्त्रियांची सभा घेण्यात आली. मग अंगणवाडीच्या आणि आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. गावाची वीज कोणी तोडली नाही. ज्याच्या हातात फोन आहे त्यानेच तो बाजूला ठेवावयाचा होता, आणि बापाचा फोन चालू असता मुलाचा बंद अशी विषमता त्यात नव्हती. मला या प्रयोगाचे मर्म त्या भोंग्यात दिसत नाही. त्याआधी झालेल्या घरोघरच्या बोलण्यात दिसते. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. तेथे मोठ्यांना मुभा आणि लहानांना मनाई अशी वाटणी होती, आणि अशा वाटणीचा अंमल बजावण्यासाठी कोणाला तरी पहाऱ्यावर बसावे लागते.

घरातल्या नियमाचा उपयोग होतो काय? होतो, असे म्हणण्यास आधार आहे. अमेरिकेतील साडेपंधरा हजारांवर किशोरवयीनांच्या, १९९० नंतरच्या दशकात गोळा केलेल्या माहितीवरून २०१० मध्ये असे दाखविण्यात आले की ज्यांच्या आईवडिलांनी निजण्याची वेळ रात्री दहा किंवा त्याआधीची ठरविली होती, त्यांच्या तुलनेत मध्यरात्र वा त्यानंतरची वेळ असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी अधिक होते. ती माहिती स्मार्टफोनपूर्व काळातली असल्यामुळेच मोलाची आहे. आईवडिलांनी निजण्याची वेळ ठरविणे हेच स्वतः हितकर असावे, असे ती सुचविते. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात १४ ते १८ वर्षांच्या ६३ जणांनी आठवडाभर निजण्याच्या तासभर आधी फोन बाजूला ठेवला, आणि शाळेच्या रात्री त्यांची झोप सुमारे २१ मिनिटांनी वाढली. एकवीस मिनिटे म्हणजे फार नव्हे असे कोणी म्हणेल. पण आठवड्याच्या पाच रात्रींत ती पावणेदोन तासांवर जातात. येथे दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. ही मुले स्वेच्छेने आली होती. आणि निमंत्रण मिळालेल्यांपैकी थोडीच तयार झाली होती. म्हणजे उपाय लागू पडतो, अडचण आहे ती राजी होण्याची. आणि नेमकी तीच अडचण वीज तोडण्याने उल्लंघून जाता येईल असे पालकांना वाटते. त्यांची ती आशा माझ्या मते फोल आहे, कारण राजी न झालेल्या मुलाला पुढची रात्र रिकामीच असते आणि त्याची बुद्धी भिंतीतल्या स्विचाला शरण जात नाही.

विजेऐवजी यंत्रातच कुलूप घालण्याची सोय आता उपलब्ध आहे. गूगलने २०१७ मध्ये फॅमिली लिंक आणि ॲपलने २०१८ मध्ये स्क्रीन टाइम या सोयी आणल्या. त्यांनी मुलाचा फोन ठराविक वेळी निजवून टाकता येतो आणि तरी आईवडिलांना करावयाचा फोन चालू ठेवता येतो. राउटरलाही वेळापत्रक लावता येते. पंखा बंद न पाडता काम होते, म्हणून लहान मुलांसाठी हे मार्ग वीज तोडण्याहून निश्चित श्रेष्ठ आहेत. परंतु याच साधनांतून मूल कोणाशी बोलते, काय पाहते, कोठे आहे, हे सारे पाहण्याची खिडकीही उघडते, आणि वेळ बांधून देणे व पाळत ठेवणे यांतील भेद थकलेल्या पालकाच्या मनात सहज पुसला जातो. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्र करारात मुलाच्या खासगीपणाचा हक्क सोळाव्या कलमात आणि विश्रांती व खेळाचा हक्क एकतिसाव्या कलमात मान्य केला आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंरक्षणाच्या कायद्यानेही कंपन्यांना मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. बारा वर्षांच्या मुलाचा फोन दहाला बंद होणे रास्त आहे. सोळा वर्षांच्या मुलीचे मैत्रिणीशी झालेले संभाषण तिच्या नकळत वाचणे रास्त नाही.

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, ती म्हणजे मुलांची स्वतंत्र खोली. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. तेथे वीज तोडली तर सगळ्यांची तुटते. तेथील रात्रीच्या जागरणाचे कारणही वेगळे असते, आणि ते आमच्या मध्यमवर्गीय चर्चेत क्वचितच येते. घरात फोन एकच असतो. तो बापाबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला घरी येतो. त्यानंतर शाळेच्या गटावर आलेला गृहपाठ थोरल्याने उतरवायचा, मग धाकट्याने, आणि मग उरलेल्या वेळात दोघांनी थोडी करमणूक करायची. मुलींच्या वाट्याला तर तो आणखी उशिरा व आणखी कमी येतो: २०२३ च्या असर या शिक्षणविषयक पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडेच. अशा घरातली मुलगी रात्री अकराला पडद्यासमोर दिसली तर तिला व्यसन जडले म्हणण्यापूर्वी दिवसभर तो फोन कोणाकडे होता याची चौकशी झाली पाहिजे.

मग करावे काय? माझे मत असे की अंमल तारेवर न ठेवता वस्तूवर आणि जागेवर ठेवावा. घरातले सर्व फोन, आईवडिलांचे धरून, रात्री एका ठरलेल्या वेळेला स्वयंपाकघरातल्या किंवा बाहेरच्या खोलीतल्या एका प्लगपाशी चार्जिंगला लागावेत, आणि गजरासाठी फोन हवा ही सबब संपविण्यासाठी प्रत्येक मुलाला एक साधे गजराचे घड्याळ घेऊन द्यावे. टेबलावरचा संगणक किंवा कन्सोल असेल तर त्याच एका प्लगला वेळेचा स्विच लावण्यास हरकत नाही. मात्र दिवा-पंखा त्यातून वगळलेला असावा, काम परवानाधारक वायरमनकडून झालेले असावे, आणि बंद होण्यापूर्वी मुलाला दहा मिनिटांची सूचना मिळावी. वेळ ठरवावयाची ती दिवसा, मूल समोर बसले असता, त्याचे म्हणणे ऐकून. रात्री बाराला दारात उभे राहून कोणताही तह होत नाही. दहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी हा निर्णय आईबापांनी घ्यावा. अकरा ते चौदा या वयात मुलाने मागणी करावी आणि पालकांनी ती घासाघीस करून मान्य करावी. सोळाच्या पुढे हा अखत्यार क्रमाक्रमाने त्याच्याच स्वाधीन करावा, कारण दोन वर्षांनी ते मूल एखाद्या वसतिगृहात असेल आणि तेथे प्लगपाशी आई उभी नसेल. सुटीच्या आदल्या रात्री आणि सामन्याच्या रात्री मुभा असावी. फोन एकच असलेल्या घरात शिक्षकांनी संध्याकाळी सातनंतर गृहपाठ पाठवू नये, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल. ते शिक्षकांच्या हाती आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

काही मुलांच्या बाबतीत यातले काहीच लागू पडणार नाही. रात्र-रात्र जागणारा मुलगा कधी कधी शाळेतल्या छळापासून पळत असतो, कधी एकटा पडलेला असतो, कधी निराश असतो, आणि जागरण हे त्याच्या दुखण्याचे कारण नसून लक्षण असते. खेळ बंद केल्यावर तो हिंसक होत असेल, जेवणखाण आणि शाळा सोडत असेल, तर प्रश्न वायरमनचा राहिलेला नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी शट क्लिनिक या नावाने स्वतंत्र चिकित्सालय काढले; २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतही, विनामूल्य सल्ला मिळतो. अशा घरी रात्री प्रवाह तोडणे धोक्याचे ठरू शकते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अंधारात एकटे ठेवण्याची ती वेळ नसते.

शेवटी शाळेच्या वेळेविषयी, कारण मुलाची रात्र शाळेच्या सकाळवरून ठरते आणि ती सकाळ पालकांच्या हाती नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी सुरू करू नयेत असे सांगितले, आणि कॅलिफोर्नियात २०२२ च्या जुलैपासून वरच्या वर्गांसाठी ते कायद्याने बंधनकारक झाले. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार करूनच. आणि त्याचे स्वागत झाले पाहिजे. परंतु चौथीतले मूल स्वभावतः लवकर निजते आणि लवकर उठते. ज्याचे शरीर रात्री अकरापूर्वी निजू म्हटले तरी निजत नाही, तो आठवी ते बारावीचा विद्यार्थी त्या निर्णयाबाहेर राहिला. उलट कित्येक ठिकाणी इमारत एकच असल्यामुळे लहान मुलांना नऊची वेळ दिली की मोठ्यांना सातचीच उरते. त्यात संध्याकाळचे क्लास साडेनऊपर्यंत चालतात. दोन पाळ्यांच्या शाळा, बसच्या फेऱ्या, शिक्षकांच्या सोयी या अडचणी खऱ्या आहेत आणि एका परिपत्रकाने त्या सुटणार नाहीत. तथापि शासनाने निदान नववी-दहावीच्या वर्गांपुरती आठची मर्यादा घालून एक-दोन जिल्ह्यांत वर्षभर प्रयोग करावा, त्या मुलांच्या झोपेची आणि हजेरीची नोंद ठेवावी, आणि क्लासचालकांनाही रात्री आठनंतर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना बसवून ठेवू नये असे बंधन घालावे.